गणपती-नवरात्रापूर्वी गिटार आणि बास अ‍ॅम्पची तयारी: घरी काय तपासावे, कशाला हात लावू नये?

सहावी_तार

नमस्कार. आमचा सहा जणांचा वाद्यवृंद आहे. गणेशोत्सव, नवरात्र, महाविद्यालयांची स्नेहसंमेलने आणि लग्नाच्या आदल्या रात्रीचे कार्यक्रम असे आमचे वर्षभर चालते. गिटारसाठी ५० वॉटचा व्हॉल्व्हचा काँबो (अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात) आहे, ज्यात ईएल३४ हे दोन मोठे, ताकद देणारे व्हॉल्व्ह आणि १२एएक्स७ हे तीन छोटे, सिग्नल वाढवणारे व्हॉल्व्ह आहेत. बाससाठी हलका क्लास-डी हेड (स्पीकर नसलेला, ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प) आणि चार दहा-इंची स्पीकरचे ८ ओहमचे कॅबिनेट आहे.

सध्या तीन तक्रारी आहेत. गिटारचा आवाज अधूनमधून एकदम निम्म्यावर येतो आणि एखादे जोरकस स्ट्रमिंग केले की पुन्हा पूर्ववत होतो. मंडपात गेलो की "घूं" असा सलग आवाज येतो, जो घरी अजिबात येत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे गिटार हातात असताना गायनाच्या माइकला ओठ लागले की झिणझिण्या येतात. जवळच्या दुरुस्तीवाल्यांनी "सगळे व्हॉल्व्ह बदला" असे सांगितले आहे. व्हॉल्व्ह परदेशी आहेत आणि स्वस्त नाहीत, त्यामुळे तो खर्च करण्यापूर्वी आपण स्वतः काय तपासू शकतो आणि कशाला हात लावू नये, हे जाणकारांनी सांगावे.

डाग_आणि_कंडेन्सर

सहावी_तार, तुम्ही ज्या क्रमाने तक्रारी लिहिल्या आहेत त्या क्रमाने न जाता तिसरीपासून उत्तर देतो, कारण तुमची तिसरी तक्रार आवाजाची नसून जिवाची आहे. ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वान्सी येथे 'स्टोन द क्रोज' या गटाचा गिटारवादक लेस हार्वी रंगमंचावरच विजेचा धक्का बसून मरण पावला. त्याचे हात तारांवर होते आणि त्याने अर्थिंग नीट नसलेल्या माइकला स्पर्श केला. तुमच्या वर्णनात आणि त्या घटनेत मांडणीचा फरक नाही, फक्त प्रवाहाच्या प्रमाणाचा आहे.

असे होण्याचे कारण बहुधा साधे असते. गिटारच्या तारा ब्रिजमार्फत अ‍ॅम्पच्या चासीला (धातूच्या सांगाड्याला) जोडलेल्या असतात आणि माइकची जाळी मिक्सरच्या चासीला. दोन्ही उपकरणांना एकच चांगले अर्थिंग मिळाले तर दोन्ही चासी एकाच पातळीवर राहतात. मंडपात मात्र मिक्सर एका जागेवरून आणि अ‍ॅम्प दुसऱ्याच जागेवरून वीज घेतो, मध्ये कुठेतरी तीन पिनांच्या जागी दोन पिनांचा बोर्ड असतो आणि अर्थिंग तिथेच संपते. तुमच्या क्लास-डी हेडसारख्या उपकरणांत वीज जिथे आत शिरते तिथे एक फिल्टर असतो आणि त्यातले दोन छोटे कंडेन्सर फेज आणि न्यूट्रल या दोघांना चासीशी जोडतात. अर्थिंग तुटले की ती चासी साधारण निम्म्या दाबावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगू लागते. त्यातून येणारा प्रवाह अत्यल्प असतो आणि फक्त झिणझिण्या येतात. परंतु इन्सुलेशन फाटून फेजच चासीला लागलेली असेल तरीही सुरुवातीला तशाच झिणझिण्या येऊ शकतात, आणि केवळ स्पर्शाने हा फरक कुणालाही ओळखता येत नाही.

म्हणून कार्यक्रमापूर्वी मल्टिमीटर एसीच्या ७५० व्होल्टच्या मापावर ठेवून त्याचे एक टोक गिटारच्या तारेला आणि दुसरे माइकच्या जाळीला लावावे. एक-दोन व्होल्टपेक्षा जास्त काही दिसले तर कारण सापडेपर्यंत वाजवू नये. मंचावरील सर्व वाद्यांचे अ‍ॅम्प आणि मिक्सर एकाच मुख्य बोर्डावरून घेतले आणि त्या बोर्डाचे अर्थिंग खरोखर जमिनीपर्यंत पोहोचत असेल, तर ही तक्रार बहुतेक वेळा तिथेच मिटते.

आवाज निम्म्यावर येण्याबद्दल. अ‍ॅम्पच्या मागे इफेक्ट्स लूपचे (बाहेरचे इफेक्ट मध्ये जोडण्याचे) सेंड आणि रिटर्न असे दोन सॉकेट असतील. तिथे काही जोडलेले नसते तेव्हा संपूर्ण सिग्नल रिटर्न सॉकेटमधल्या एका लहानशा स्प्रिंगपट्टीच्या स्पर्शातून जातो. तो सॉकेट कधीच वापरला जात नसल्याने त्या पट्टीवर काळपट थर चढतो. मग आवाज दबतो आणि जोरकस सिग्नल आला की तेवढ्यापुरता स्पर्श पुन्हा जुळतो. एक छोटी पॅच केबल सेंडमधून रिटर्नमध्ये लावून पाहा. त्याने तक्रार गेली तर व्हॉल्व्ह निर्दोष आहेत, असे समजून सॉकेट स्वच्छ करून घ्यावा.

घुंकाराबद्दल पुढे लिहितो. तोवर एक निरीक्षण करून ठेवा: तो आवाज कोणत्या स्वराचा आहे?

खर्जातला_माणूस

मी पणजीला असतो आणि तियात्रात व लग्नाच्या बँडमध्ये बास वाजवतो. समुद्राच्या हवेत वरचा सॉकेटचा मुद्दा दुप्पट खरा ठरतो. आमच्याकडे पावसाळ्यानंतर पहिल्या कार्यक्रमाला खरखर न करणारा व्हॉल्यूम कंट्रोल क्वचितच सापडतो. त्यावर उपाय म्हणून लोक घरातला गंज सोडवणारा तेलकट फवारा मारतात आणि तो दोन-चार दिवस उत्तम चालतोही; नंतर त्या तेलावर धूळ आणि मीठ बसून आधीपेक्षा वाईट अवस्था होते. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनरच वापरावा. अ‍ॅम्प बंद करून, प्लग काढून, कंट्रोलच्या पायांजवळच्या फटीतून अगदी थोडा फवारा मारावा (व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्ये त्यासाठी चासी उघडावी लागते, ते काम जाणकारावरच सोपवावे), दांडा वीस-पंचवीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावा आणि पूर्ण वाळल्याशिवाय वीज लावू नये. सॉकेटसाठी मी पी-३८ (गिटारच्या केबलच्या) पिनेला क्लीनर लावून ती अनेकदा आतबाहेर करतो. आत काही ओतण्याची गरज पडत नाही.

बासच्या बाजूने दोन गोष्टी. पहिली ओहमची. ८ ओहमची दोन कॅबिनेट समांतर जोडली की ४ ओहम होतात आणि तिसरे जोडले की साधारण २.७ ओहम. बहुतेक क्लास-डी हेडची मर्यादा ४ ओहम असते, काहींची २.६७. ती मागच्या बाजूला छापलेली असते आणि साउंडवाल्यांनी आग्रह केला म्हणून ती ओलांडू नये. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पला कमी ओहमचा त्रास होतो. स्पीकर न जोडता चालू राहिला तरी त्याचे सहसा बिघडत नाही. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पचा त्रास बरोबर उलटा आहे. स्पीकर न जोडता तो वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये दाब इतका चढतो की आतले इन्सुलेशन जळते, आणि त्या अ‍ॅम्पमधला तो सर्वांत महाग भागांपैकी एक असतो. त्यामुळे काँबोच्या स्पीकरची पिन पूर्ण बसली आहे का, हे चालू करण्यापूर्वी हाताने दाबून पाहावे.

दुसरी गोष्ट केबलची. गिटारची केबल आणि स्पीकरची केबल यांच्या पिना सारख्या दिसत असल्या तरी गिटारच्या केबलमधला गाभा केसासारखा बारीक असतो. हेडपासून कॅबिनेटपर्यंत १.५ चौरस मिलिमीटरची दोन तारांची केबलच हवी.

पाच तारांचा बास असेल तर हेही लक्षात ठेवा की खालच्या 'बी' तारेचा मूळ स्वर ३१ हर्ट्झचा आहे, आणि बहुतेक दहा-इंची कॅबिनेट त्या पातळीला काहीच ऐकू देत नाहीत. स्पीकरचा कागदी कोन मात्र जिवाच्या आकांताने हलत राहतो. हेडवर हाय-पास फिल्टर (अगदी खालचे स्वर अडवणारा) असल्यास तो चालू ठेवावा. ऐकू येणारा आवाज कमी होत नाही आणि स्पीकर वाचतो.

सहावी_तार

दोघांचेही मनापासून आभार. पॅच केबल लावल्यावर आवाज दबणे पूर्णपणे थांबले आहे. माइक आणि तारांमध्ये मीटरने १०४ व्होल्ट दाखवले. शोधत गेलो तेव्हा मिक्सरच्या आधीच्या एक्स्टेन्शन बोर्डाच्या पिनेत अर्थची तार जोडलेलीच नव्हती. ती जोडून घेतल्यावर मीटर शून्याच्या जवळ आला.

घुंकाराचा स्वर 'जी'च्या जवळ आहे, पण ट्यूनरवर तो किंचित चढा दिसतो. याशिवाय एका मंडपात विजेचा दाब संध्याकाळी १९० व्होल्टपर्यंत उतरला होता आणि जनरेटर सुरू झाल्यावर २५२ झाला. याचा व्हॉल्व्हवर परिणाम होतो का? बायस (शांत अवस्थेत व्हॉल्व्हमधून किती प्रवाह जावा याची जुळवणी) स्वतः लावता येतो का?

डाग_आणि_कंडेन्सर

स्वर किंचित चढा 'जी' असणे अगदी अपेक्षित आहे. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे आणि बासच्या 'ई' तारेवरील तिसऱ्या पडद्याचा 'जी' ४९ हर्ट्झचा. गिटारच्या जाड तारेवरील तिसऱ्या पडद्याचा 'जी' ९८ हर्ट्झचा आहे. म्हणजे वाद्य हातात घेऊनच आपल्याला निदानाची सुरुवात करता येते. खालच्या 'जी'जवळचा, मऊ आणि जाड घुंकार असेल तर तो प्रायः ५० हर्ट्झचा, म्हणजे अर्थिंगच्या वळशाचा (दोन उपकरणे अर्थिंग आणि केबल अशा दोन वाटांनी जोडली गेल्याचा) किंवा व्हॉल्व्हला आतून तापवणाऱ्या हीटरच्या वायरिंगचा असतो. त्याच्या वरच्या सप्तकातला, थोडा कर्कश गुंजारव १०० हर्ट्झचा असतो. तो रेक्टिफायरनंतरचे मोठे फिल्टर कंडेन्सर थकल्याची खूण आहे आणि तो घरी आणि मंडपात सारखाच येतो. तुमचा फक्त मंडपात येतो, त्यामुळे कंडेन्सरवर तूर्त संशय घेण्याचे कारण नाही.

आधी गिटार हातात धरून जागच्या जागी गोल फिरा. फिरताना आवाज कमीजास्त झाला तर तो पिकअपमधून येत आहे आणि जवळपासचे डिमर, एलईडी पडदा किंवा एखादा ट्रान्सफॉर्मर त्याला कारण आहे. अ‍ॅम्प उघडून त्यावर काहीही उपाय सापडणार नाही. गिटारची पिन काढल्यावरही आवाज तसाच राहिला आणि मिक्सरकडे जाणारी लाइन-आउट केबल काढल्यावर थांबला, तर तो अर्थिंगचा वळसा आहे. तिथे ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स (मिक्सरकडे जाणाऱ्या सिग्नलच्या वाटेत लावायचा डबा) घ्यावा आणि त्याच्यावरचा ग्राउंड-लिफ्टचा, म्हणजे फक्त सिग्नलच्या केबलचे अर्थ तोडणारा, खटका वापरावा. अ‍ॅम्पच्या प्लगमधली अर्थची पिन कापणे किंवा तिच्यावर चिकटपट्टी लावणे हा उपाय अजूनही मंचामागे सर्रास सुचवला जातो. घुंकार त्याने खरोखर थांबतो, म्हणूनच तो टिकून आहे. आणि वर सांगितलेला ११५ व्होल्टचा प्रकार जन्माला येतो तोही नेमका इथेच.

दाबाबद्दल. व्हॉल्व्हच्या हीटरला ६.३ व्होल्ट लागतात आणि साधारण १० टक्के कमीजास्त चालते, म्हणजे ५.७ ते ६.९. तुमचा ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टसाठी गुंडाळलेला असेल तर २५२ व्होल्टला हीटरवर ६.९ व्होल्ट येतात, म्हणजे आपण मर्यादेच्या काठावर आहोत, आणि व्हॉल्व्हच्या प्लेटवरचे (आतल्या उच्च दाबाच्या पत्र्यावरचे) ४५० व्होल्ट ४९० च्या वर जातात. १९० व्होल्टला हीटरला ५.२ च मिळतात. आवाज मरगळतो आणि वादकाला वाटते की व्हॉल्व्ह संपले. खूप व्हॉल्व्ह केवळ यामुळे बदलले जातात. मंडपात वारंवार वाजवणाऱ्यांनी नवीन व्हॉल्व्हच्या आधी सर्व्हो स्टॅबिलायझर घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. रिलेचा स्वस्त स्टॅबिलायझर पायऱ्यापायऱ्यांनी दाब बदलतो आणि प्रत्येक पायरीला टक्कन आवाज येऊ शकतो. एक धोका मात्र नियमित स्टॅबिलायझरच्या आवाक्याबाहेरचा आहे. तीन फेजच्या जोडणीत न्यूट्रल सैल झाला तर एखाद्या फेजवरील उपकरणांना ३०० व्होल्टच्याही वर दाब मिळू शकतो. म्हणून अ‍ॅम्प जोडण्यापूर्वी आणि मंडपातील दिवे पूर्ण लागल्यानंतर असे दोनदा मीटर लावून पाहावे.

आता बायस. ईएल३४ची प्लेट २५ वॉट उष्णता सहन करते. क्लास-एबी अ‍ॅम्पमध्ये (जिथे दोन मोठे व्हॉल्व्ह काम आळीपाळीने वाटून घेतात) शांत अवस्थेत त्याच्या ७० टक्क्यांपर्यंत, म्हणजे १७.५ वॉटपर्यंत जाण्याची प्रथा आहे. प्लेटवर ४५० व्होल्ट असतील तर १७.५ भागिले ४५०, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्हमागे सुमारे ३९ मिलिअँपियर. व्हॉल्व्हच्या कॅथोड या टोकाच्या वाटेत १ ओहमचा रेझिस्टन्स बसवलेला असला की मीटरवरचा प्रत्येक मिलिव्होल्ट म्हणजे एक मिलिअँपियर. त्यात स्क्रीन या आतल्या जाळीचा थोडा प्रवाहही मिसळलेला असतो, त्यामुळे चूक झालीच तर सुरक्षित बाजूला होते. माझा अनुभव असा आहे की ३९ आणि ३२ मधला फरक वादकाला भरलेल्या मंडपात ऐकू येत नाही, व्हॉल्व्हच्या आयुष्यात मात्र तो नक्की दिसतो.

हिशेब सोपा असला तरी तो करताना तुमचा हात ४५० व्होल्टच्या शेजारी असतो. शिवाय प्लग काढल्यानंतरही फिल्टर कंडेन्सरमध्ये हा दाब बराच वेळ साठून राहू शकतो. ज्यांना ते १० किलोओहम, ५ वॉटच्या रेझिस्टन्समधून उतरवून मीटरवर १० व्होल्टच्या खाली आल्याची खात्री करून घेण्याची सवय नाही, त्यांनी चासी काँबोतून बाहेर काढू नये.

घरचा_सोल्डर

डाग_आणि_कंडेन्सर यांच्या सुरक्षेच्या मुद्द्यांशी मी पूर्ण सहमत आहे, पण चर्चेचा सूर "उघडूच नका" असा होऊ लागला आहे, तो मला पटत नाही. चासी न उघडताही वादकाला अ‍ॅम्प आपल्या कामासाठी बराच बदलता येतो.

पहिल्या जागेवरचा, म्हणजे गिटारच्या सॉकेटला सर्वांत जवळचा, १२एएक्स७ काढून तिथे १२एटी७ किंवा १२एवाय७ लावून पाहा. १२एएक्स७चा गुणक (सिग्नल किती पट वाढू शकतो तो आकडा) १०० आहे, १२एटी७चा ६० आणि १२एवाय७चा ४४ च्या आसपास. पायांची रचना तीच असल्याने काहीही सोल्डर करावे लागत नाही. ५० वॉटचा अ‍ॅम्प लहान सभागृहात व्हॉल्यूमच्या दोन आकड्याच्या वर चढवता येत नाही ही सर्वांची तक्रार असते. गुणक कमी झाला की व्हॉल्यूमचा कंट्रोल अधिक हळुवार चालतो आणि पेडलही नीट बसतात. हे करताना अ‍ॅम्प बंद आणि थंड असावा, एवढेच.

दुसरा उपाय स्पीकरचा आहे आणि त्याचा विचार फार कमी लोक करतात. सेलेस्टियनच्या व्हिंटेज ३० या स्पीकरची संवेदनशीलता (एका वॉटमागे मिळणारा आवाज) १०० डेसिबल आहे आणि त्याच कंपनीच्या २५ वॉटच्या ग्रीनबॅकची ९८. तीन डेसिबलचा फरक म्हणजे वॉट निम्मे किंवा दुप्पट होण्याइतका असतो, त्यावरून हे दोन डेसिबल किती मोठे आहेत याचा अंदाज येईल. अर्थात ५० वॉटच्या अ‍ॅम्पला २५ वॉटचा एकच ग्रीनबॅक पुरणार नाही, निदान दोन लागतील.

आणि ज्यांना खरोखर आत जायचे आहे त्यांनी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्यांचा सिरीज बोर्ड आधी बनवावा. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर त्याचे सर्व सामान एका फेरीत मिळते. अ‍ॅम्पच्या वाटेत १०० वॉटचा तंतूचा बल्ब येतो. अ‍ॅम्पमध्ये शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि फ्यूज किंवा ट्रान्सफॉर्मर जळत नाही. एलईडीचा बल्ब इथे उपयोगाचा नाही.

न्यूजर्सीकर

अमेरिकेतून अ‍ॅम्प आणण्याचा विचार करणाऱ्यांसाठी थोडी भर घालतो, कारण दर सुट्टीत मला कुणीतरी हेच विचारते. इथले अ‍ॅम्प १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचे असतात. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट बदलतात, हर्ट्झ बदलत नाहीत. केवळ ६० हर्ट्झसाठी काटकसरीने बनवलेला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर जास्त तापतो आणि गुरगुरतो. ज्यांच्या आत २३० व्होल्टचीही वाइंडिंग दिलेली असते ते अ‍ॅम्प सहसा ५० हर्ट्झचा विचार करूनच बनवलेले असतात, पण खरेदीपूर्वी मागची पट्टी वाचावी. स्टेप-डाउन घ्यायचाच असेल तर अ‍ॅम्पवर मागे लिहिलेल्या वीजवापराच्या वॉटच्या (आवाजाच्या वॉटच्या नव्हे) निदान दीडपट क्षमतेचा घ्यावा आणि त्याला अर्थची पिन आहे ना, हे आवर्जून पाहावे. अनेकांना ती नसते. क्लास-डी बास हेडपैकी बरेच १०० ते २४० व्होल्ट आपोआप ओळखतात, काहींना मात्र मागे खटका असतो, आणि तो ११५ वर राहिलेला हेड भारतातल्या सॉकेटला लावला तर दुसरी संधी मिळत नाही.

व्हॉल्व्हच्या किमतीबद्दल इतकेच की आज गिटार अ‍ॅम्पसाठीचे बहुतांश व्हॉल्व्ह स्लोव्हाकियातील जेजे कंपनी, रशियातील सारातोव्हचा कारखाना आणि चीन येथून येतात. २०२२ साली युक्रेन युद्धानंतर रशियन मालाची आवक विस्कळीत झाली तेव्हा सगळीकडे भाव चढले. कधीकाळी बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये (बीईएल) रेडिओचे व्हॉल्व्ह बनत असत आणि जुन्या दुकानांत बीईएलची खोकी अधूनमधून मिळतात, ती आढळल्यास सोडू नयेत.

सहावी_तार

घरचा_सोल्डर, १२एटी७चा प्रयोग करून पाहतो. एकच शंका उरली आहे. कार्यक्रमाला जाताना सोबत नेमके काय ठेवावे? आणि मध्येच फ्यूज उडाला तर काय करावे?

डाग_आणि_कंडेन्सर

घरचा_सोल्डर यांचे म्हणणे मला मान्य आहे. माझा आक्षेप उघडण्याला नाही, मंडपातल्या घाईत उघडण्याला आहे.

फ्यूज उडाला तर त्याच आकड्याचा आणि त्याच प्रकारचा दुसरा लावावा. काचेच्या फ्यूजच्या टोपीवर 'टी' हे अक्षर असेल तर तो सावकाश उडणारा, 'एफ' असेल तर झटकन उडणारा. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पला चालू होताना क्षणभर जास्त प्रवाह लागतो म्हणून मुख्य फ्यूज बहुधा 'टी' असतो, आणि तिथे 'एफ' लावल्यास निर्दोष अ‍ॅम्पचाही फ्यूज उडतो. दुसरा फ्यूजही लगेच उडाला तर दोन्ही ईएल३४ काढून तिसरा लावावा. आता टिकला तर त्या दोनपैकी एक व्हॉल्व्ह शॉर्ट आहे, आणि राखीव जुळलेली जोडी असल्यास कार्यक्रम पुढे चालू शकतो, मात्र नव्या जोडीचा बायस नंतर तपासून घ्यावा. व्हॉल्व्ह काढल्यावरही उडाला तर अ‍ॅम्प बाजूला ठेवावा आणि गिटार पेडलमधून थेट मिक्सरला द्यावी. चौथा फ्यूज, किंवा फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा, लावू नये.

सोबत ठेवण्याचे सामान फार नाही. मल्टिमीटर, तुमच्या उपकरणांवर लिहिलेल्या प्रकाराचे आणि आकड्याचे फ्यूज, एक १२एएक्स७, ईएल३४ची जुळलेली जोडी, पॅच केबल, स्पीकरची राखीव केबल, ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स आणि अर्थिंगची खात्री असलेला स्वतःचा लांब एक्स्टेन्शन बोर्ड. मधेच शिट्टी किंवा घंटेसारखा आवाज येऊ लागला तर पेन्सिलीच्या मागच्या टोकाने छोट्या व्हॉल्व्हवर हलकेच टकटक करावी. ज्याच्यावर टिचकी मारल्यावर स्पीकरमधून मोठा "टण्" ऐकू येतो तो बदलावा. थोडासा आवाज पहिल्या व्हॉल्व्हमधून नेहमीच येतो, त्यावरून घाबरू नये.

कार्यक्रम संपल्यावर अ‍ॅम्प निदान पंधरा मिनिटे बंद ठेवून मगच टेम्पोत चढवावा, कारण तापलेल्या तंतूंना हादरे सोसत नाहीत. पावसात भिजलेले आवरण त्याच्यावर घालून ठेवू नये. पॅच केबलने काम भागत असले तरी तुमचा तो रिटर्न सॉकेट नवरात्रापूर्वी स्वच्छ करून घ्या, आणि त्याच वेळी कॅबिनेटच्या आतल्या स्पीकरचे स्क्रू आणि चासीचे चारही बोल्ट आवळून घ्या.